राजेळी आणि नेंद्रन

आपल्या पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, वसईच्या वाड्यांत, राजेळी नावाचे केळे पिकते. तेथून शेकडो कोस दूर केरळात ज्यास नेंद्रन म्हणतात, ते जातीने हेच केळे होय. एकाच जातीने एका प्रांतात घरोघर मान मिळवावा आणि दुसऱ्या प्रांतात थोड्या वाड्यांपुरते उरावे, हे कसे घडले, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. डहाणू-तलासरीकडच्या मुलांस चिकूची थोरवी सांगावयास नको. घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही अनेकांस ठाऊक असेल. केळीकडे मात्र सहसा कोणी निरखून पाहत नाही. ती विहिरीच्या कडेस किंवा मोरीच्या पाण्यावर आपोआप वाढते, असा सर्वांचा समज असतो. हा 'आपोआप' शब्दच फसवा आहे.

प्रथम केळीची प्रकृती पाहू. शास्त्रदृष्ट्या केळ हे झाडच नव्हे. ज्यास आपण खोड समजतो, ते पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळून बनलेले असते. खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. सह्याद्रीच्या कड्याकपारींत पावसाळ्यात जी रानकेळ अथवा चवई उगवते, ती आपल्या केळीची लांबची भावकी. तिच्या फळांत टणक, काळ्या बिया ठासून भरलेल्या असतात. ती एकदा फळते आणि मरते. बुंध्याशी तिला पिल्ले येत नाहीत, पण बियांतून पुढल्या पावसात तिचा वंश चालतो. बागेतील केळीचे नेमके उलट. तिच्या फळात बी धरत नाही. केळे उभे चिरून पाहिल्यास मध्यभागी जे बारीक काळे ठिपके दिसतात, त्या बियांच्या केवळ खुणा. तिचा वंश चालतो तो बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांवर. आणि ते पिल्लू उपटून दुसऱ्या जागी लावणारा माणूस लागतो. म्हणजे आज जेथे जेथे राजेळी उभी आहे, तेथे तेथे ती पिढ्यान्‌पिढ्या हातांनी हातांकडे आली आहे. एका पिढीने हात आखडला, तर बी पेरून ती जात परत आणता येत नाही.

मग माणूस पिल्लू लावतो कशासाठी? खाण्यासाठी, विकण्यासाठी, देवापुढे ठेवण्यासाठी. केळीच्या जातीचे आयुष्य असे स्वयंपाकघराशी बांधलेले आहे, आणि याचे केरळाइतके ठळक उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

तेथे नेंद्रन हे केवळ फळ नव्हे. कच्चे असता त्याचे काप खोबरेल तेलात तळून उप्पेरी होते. आपल्याकडील दुकानांत जे पिवळे वेफर मिळतात, ते बहुधा याचेच. जाडसर काप तळून गुळाच्या पाकात घोळले व त्यांस सुंठ-जिऱ्याची पूड लावली की शर्करवरट्टी. कच्च्या केळ्याचे तुकडे ताकात शिजवून काळन, इतर भाज्यांसह अवियल. पिकलेले केळे वाफवून न्याहारीस, पुट्टूबरोबर कुस्करून, पिठात बुडवून तळून, गूळ व नारळाच्या दुधात आटवून पायसम म्हणून. कच्चे केळे वाळवून केलेले पीठ तान्ह्या बाळांस शिजवून भरवितात. साल तरी फुकट जावी? तीही चिरून चवळीबरोबर शिजवितात! केळफूल व गाभा यांच्या भाज्या तर आपल्याकडेही होतात, पण सालीची भाजी ऐकून आपल्या गृहिणी क्षणभर थबकतील. आपल्या भागातील शाळांत व दवाखान्यांत सेवा करणाऱ्या केरळीय भगिनींस विचारून पाहावे. त्या कृती सांगतील.

ओणमचा सण श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येतो. त्या दिवशीचे जेवण केळीच्या पानावर, पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हातास येईल असे मांडून वाढतात. आदल्या दिवशी गुरुवायूरच्या मंदिरात नेंद्रनचे सोनेरी लोंगर देवास अर्पण करण्यासाठी रांगा लागतात. ओणमास लोंगर हाती यावे अशा बेताने शेतकरी लावणीचा महिना ठरवितो, कारण त्या वेळी भाव चढलेला असतो. धर्म, जिव्हा आणि बाजार ही तिन्ही एकाच जातीच्या पाठीशी उभी असल्यावर ती जात नष्ट होईल कशी? शिवाय एकट्या नेंद्रनचेच तेथे राज्य आहे असेही नाही. नित्य खाण्यास ञालिपूवन, म्हणजे आपली सफेद वेलची, नैवेद्यास कदळी, लाल सालीची चेंकदळी निराळीच. 'कदली' हा संस्कृत शब्द तेथे एका जातीचे नाव होऊन राहिला, आणि आपल्याकडे झिजत झिजत त्याचे 'केळ' झाले.

आता वसईकडे वळू. तेथेही जातींची वाण नव्हती : राजेळी, मुठेळी, तांबडी, वेलची, बसराई. यांपैकी राजेळीस एक विशेष काम मिळाले, ते सुकेळ्यांचे. पूर्ण पिकलेली राजेळी सोलून मांडवावर उन्हात कित्येक दिवस वाळवितात; तिचा गर घट्ट व पिष्टमय असल्यामुळे ती गळून न जाता मधाच्या रंगाची, चिवट व गोड होते. मग वाळलेल्या केळीच्या पानांत गुंडाळून, केळीच्याच सोपटाने बांधून ती बाजारात जाते. हे सुकविणे पावसाळा सरल्यावरच साधते. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही आगाशीच्या सुक्या केळ्यांची नोंद आहे. तेव्हा हा धंदा कालपरवाचा नव्हे.

परंतु विचार करा : केरळात नेंद्रनास दहा उपयोग, वसईत राजेळीस मुख्यत्वे एक. त्यात शहर वाढले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, विहिरींचे पाणी टँकरांतून दूर जाऊ लागले. राजेळीच्या लोंगरास फण्या थोड्या आणि फळे मोजकी. बाजारात मात्र वजनाने पैसे मिळतात. तेव्हा जो तो अधिक वजनाच्या जातीकडे वळला, आणि आज आठवडी बाजारात पाहावे तर बहुतेक सर्व केळी एकाच घराण्याची.

यात धोका आहे. अमेरिका-युरोपच्या बाजारात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रो मिशेल नावाच्या एकाच जातीचे केळे चाले. बी नसल्यामुळे त्या जातीची सर्व झुडपे जणू एकाच झुडपाच्या नकला. मुळांवाटे शिरणाऱ्या मर रोगाने मध्य अमेरिकेतील मळेच्या मळे बसविले आणि १९६० च्या सुमारास व्यापाऱ्यांस ती जात सोडून कॅव्हेंडिश धरावी लागली. आपल्या बाजारातील बसराई व तिच्यासारख्या इतर जाती याच कॅव्हेंडिश गटातील आहेत. त्यांसही न सोडणारा रोगाचा नवा प्रकार आता भारतात, बिहार व उत्तर प्रदेशाकडे, आढळला आहे. ज्या वाडीत चार जाती आहेत, तेथे एक गेली तरी तीन उरण्याची आशा असते.

तलासरीच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते हे आम्ही जाणतो, आणि केळ तर पाण्याची भुकेली. तथापि भांडी घासण्याचे व अंघोळीचे पाणी घरोघर वाहतच असते. त्यावर दोन-तीन केळी सहज जगतात. वसईकडे सोयरे असतील त्यांनी येताना राजेळीचे पिल्लू मागून आणावे. पिल्लू निवडताना रुंद पानांचे देखणे पिल्लू घेऊ नये. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने असलेले घ्यावे, कारण त्याचा कंद भरदार असतो. केरळातील शेतकरी अशा कंदाची मुळे तासून, त्यास शेण व राख यांचा लेप देऊन, तीन-चार दिवस उन्हात ठेवतात आणि मग लावतात. लोंगर येण्यास सुमारे वर्ष लागेल. तोवर बुंध्याशी नवी पिल्ले फुटतील. त्यांतले एक जागेवर राखून बाकीची शेजाऱ्यांस द्यावी.