कामाचा ताण आणि हृदयाचे आरोग्य

मनुष्याचे हृदय मिनिटाला सरासरी ७२ वेळा, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. श्रमाची त्याला सवयच आहे. परंतु ज्या श्रमाला विसावा नाही आणि ज्या चिंतेला अंत नाही, त्यांचा भार ते फार काळ सोसू शकत नाही. ही गोष्ट इंदूरसारख्या कष्टकऱ्यांच्या नगरीत विशेषत्वाने ध्यानी घेण्याजोगी आहे.

होळकर संस्थानाच्या काळात इंदुरात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार ही नावे आजही वृद्ध कामगारांच्या तोंडी आहेत. गिरणीच्या भोंग्यावर घरातील जेवणखाण आणि निद्रा अवलंबून असे. गिरण्या बंद पडल्या. रात्रपाळी मात्र गेली नाही. आज ती कारखान्यांत, रुग्णालयांत आणि संगणक कार्यालयांत आहे.

शरीरात काय घडते?

संकट समोर येताच मूत्रपिंडावरील ग्रंथी ॲड्रेनॅलीन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. त्यायोगे नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते. विंचू दिसला असता ही सिद्धता उपकारक ठरते, कारण संकट टळताच शरीर पूर्ववत होते. परंतु वरिष्ठांचा रोष, अपुरे मनुष्यबळ वा नोकरी जाण्याचे भय ही संकटे सायंकाळी संपत नाहीत. रक्तदाब वारंवार चढा राहिल्याने रोहिण्यांच्या आतील नाजूक अस्तरास इजा पोहोचते, तेथे चरबीचा थर साचू लागतो आणि रक्ताचा मार्ग अरुंद होतो. त्यातच तंबाखू, अवेळी भोजन व अपुरी झोप यांची भर पडते.

ताण कोणास अधिक?

मोठ्या अधिकाऱ्यासच अधिक ताण असतो, असा सर्वसाधारण समज आहे. लंडन येथील सरकारी नोकरांची १९६७ पासून जी पाहणी झाली, तिने या समजास धक्का दिला. हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण वरिष्ठांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत कितीतरी अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब आदी कारणे जमेस धरूनही हा फरक पूर्णतः उलगडला नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत असे दिसून आले की, आपल्या कामाविषयी निर्णय घेण्याची मुभा ज्यांना नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो. जबाबदारी आहे, पण अधिकार नाही, ही अवस्था घातक होय.

कामाचे तासही महत्त्वाचे आहेत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. तिचे आरोग्यविषयक मोल आज शास्त्राने सिद्ध केले आहे.

काम नसणे हाही ताणच होय. इंदूरची हुकुमचंद गिरणी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकीत देण्यांपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी देण्यात आला. मधल्या तीन दशकांत अनेकांनी प्रतीक्षेतच देह ठेवला. देणी वेळेवर चुकती करणे हे केवळ हिशेबाचे काम नसून कामगाराच्या प्रकृतीचेही रक्षण आहे.

काय करावे?

१. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. ग्रामीण आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही; म्हणून बरे वाटते या कारणास्तव औषध बंद करू नये.

२. दररोज अर्धा तास चालावे, मीठ कमी करावे, तंबाखू सोडावी व पुरेशी झोप घ्यावी.

३. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम, धाप ही लक्षणे दिसताच ‘वायू धरला असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांत व मधुमेहींत कधी केवळ थकवा वा धाप एवढेच लक्षण असते.

४. मन खचल्यास १४४१६ या ‘टेली-मानस’ दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

५. कार्यालय प्रमुखांनी कामाची वाटणी न्याय्य करावी, रजा अकारण अडवू नये आणि हाताखालच्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे. शिक्षकांनी या विषयाची माहिती पालकसभेत अवश्य द्यावी.

औषधाने रक्तदाब उतरतो. परंतु तो चढविणारी परिस्थिती बदलणे बव्हंशी माणसांच्याच हाती असते. ज्या कचेरीत वा कारखान्यात शिपायापासून प्रमुखापर्यंत प्रत्येकास मान आणि विसावा मिळतो, तेथे काम चांगले होते आणि माणसेही दीर्घायुषी होतात.