कार्यपद्धतीची फेरमांडणी : खडकीच्या कारखान्यांवरून एक धडा

पुण्यालगतची खडकी इतिहासात ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे परिचित आहे. उद्योगाच्या नकाशावर तिचे नाव आहे ते दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळे. येथील दारूगोळा निर्माणी १८६९ साली स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उच्च स्फोटक द्रव्यांची निर्माणीही येथेच उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या हजारो कुटुंबांची चूल या कारखान्यांवर पेटत आली आहे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी या कारखान्यांच्या व्यवस्थेत मूलगामी बदल झाला. कोलकाता येथील आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करण्यात येऊन त्याखालील ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांकडे सोपविण्यात आल्या. दारूगोळा व स्फोटके तयार करणाऱ्या १२ निर्माण्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या कंपनीकडे आल्या. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. या १२ पैकी सहा महाराष्ट्रात आहेत : खडकीच्या दोन, तसेच देहूरोड, वरणगाव, भंडारा व चांदा. अशा बदलाची शिफारस डॉ. विजय केळकर आणि लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी पूर्वीच केली होती.

खात्याची कंपनी झाली, पाटी बदलली. परंतु पाटी बदलल्याने काम बदलते काय ? हा प्रश्न केवळ खडकीचा नाही. प्रत्येक कचेरीचा, शाळेचा आणि ग्रामपंचायतीचा तो प्रश्न आहे.

फेरमांडणी म्हणजे काय ?

व्यवस्थापनशास्त्रात या विषयाची विशेष चर्चा सुरू झाली ती १९९० मध्ये. अमेरिकेतील मायकेल हॅमर यांनी त्या वर्षी एक लेख लिहिला आणि १९९३ मध्ये जेम्स चॅम्पी यांच्यासह ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, जुन्या वेड्यावाकड्या पायवाटेवर डांबर घालून तिचा हमरस्ता होत नाही. निरुपयोगी टप्प्यांवर संगणक बसविला, तर तेच निरुपयोगी काम अधिक वेगाने होते, एवढेच. म्हणून आधी विचारावे ते ‘हे काम लवकर कसे करावे’ असे नव्हे, तर ‘हे काम करावेच कशासाठी’ असे.

फोर्ड मोटार कंपनीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १९८० नंतरच्या काही वर्षांत या कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील देयके चुकविणाऱ्या विभागात पाचशेहून अधिक माणसे होती. पुरवठ्याचा आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बिल हे तीन कागद जुळवून पाहणे हे त्यांचे काम. न जुळणाऱ्या कागदांचा उलगडा करण्यातच बहुतेक वेळ जाई. जपानच्या माझ्दा कंपनीत हेच काम पाच माणसे करीत. कंपनी लहान, हे जमेस धरले तरी अंतर फार मोठे होते. तेव्हा फोर्डने बिलच काढून टाकले. माल दारात आला की तेथील कर्मचाऱ्याने तो संगणकातील आदेशाशी ताडून पाहावा. जुळला तर घ्यावा व पैसे चुकते व्हावेत, न जुळला तर परत पाठवावा. जुळवायच्या बाबी चौदावरून तीनवर आल्या आणि मनुष्यबळ सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाले. येथे कोणी अधिक राबले नाही; कामाची वाटच निराळी आखली गेली.

खडकीतील कसोटी

पूर्वीच्या पद्धतीत सैन्यदल आपले मागणीपत्र मंडळाकडे पाठवी आणि मंडळ ते निर्माण्यांत वाटून देई. माल घेणारा व बनविणारा, दोघेही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली. कंपन्या स्थापन झाल्यावर शिल्लक मागणीपत्रांचे करारांत रूपांतर करण्यात आले. कागदाचे हे रूपांतर दिसायला लहान, पण अर्थाने मोठे आहे. मागणीपत्राला विलंब झाला तर पत्रव्यवहार होतो. कराराला विलंब झाला तर त्याची किंमत ताळेबंदात उमटते. साहजिकच कच्च्या मालाची खरेदी, तपासणी, साठा आणि रवानगी ही सर्व साखळी मुदतीच्या दृष्टीने नव्याने तपासावी लागते. तसे झाले तरच तिला फेरमांडणी म्हणावे. अन्यथा ते नामांतर होय.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात एका इमारतीत किती माणसे असावीत, किती स्फोटक ठेवावे, दोन इमारतींत किती अंतर राखावे, हे ठरलेले असते. प्रत्येक खेपेला क्रमांक दिला जातो आणि तिच्यातील नमुन्यांची चाचणी होते. वेळेच्या हिशेबात हे टप्पे अडथळ्यासारखे भासतील. परंतु त्यांतील प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी प्राणाचे मोल देऊन शिकलेला आहे. टप्पा निरुपयोगी आहे की केवळ संथ आहे, हे ओळखणे यातच फेरमांडणी करणाऱ्याची परीक्षा असते.

दुसरी सावधगिरी माणसांविषयी. २०२१ मध्ये कामगार संघटनांनी या बदलास विरोध केला आणि संपाची हाक दिली. शासनाने अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश काढून व पुढे कायदा करून संपास प्रतिबंध केला. कर्मचाऱ्यांना प्रथम दोन वर्षांसाठी मानीव प्रतिनियुक्तीवर कंपन्यांकडे वर्ग करण्यात आले व केंद्रीय कर्मचारी म्हणून त्यांच्या सेवाशर्ती राखण्यात आल्या. ही मुदत नंतर वाढविण्यात आली. आदेशाने संप थांबू शकतो, पण मनातील शंका थांबत नाही. माणसांच्या बाजूकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही, हे पुढे खुद्द हॅमर यांनीही मान्य केले. यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला टप्प्यांतील फोलपणा सर्वांआधी कळतो. त्याची भाकरी सुरक्षित असेल तरच तो तो बोलून दाखवील.

आपल्याच राज्यातील धडा

‘फेरमांडणी’ हा शब्द रूढ होण्यापूर्वीच महाराष्ट्राने तिचा एक प्रयोग पाहिला होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातील अभिलेख, बैठकव्यवस्था व कामाची पद्धत यांची नव्याने घडी बसविली. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ती राज्यभर पोचली. अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्गीकरण आपल्या कार्यालयांना परिचित आहे : ‘अ’ कायमचे, ‘ब’ तीस वर्षांचे, ‘क’ पाच वर्षांचे (‘क-१’ दहा वर्षांचे) आणि ‘ड’ एका वर्षाचे. निरुपयोगी कागद वेळेवर गेला की उपयोगी कागद वेळेवर सापडतो, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

आपल्या कार्यालयात आरंभ कसा करावा ?

समजा, एका ग्रामस्थाला नमुना ८ चा उतारा हवा आहे आणि त्याच्याकडून कर भरल्याची पावती मागितली जाते. ती पावती ग्रामपंचायतीनेच दिलेली असते. मागणीची नोंद नमुना ९ मध्ये आणि पावतीची स्थळप्रत नमुना १० मध्ये कार्यालयातच असते. फोर्डच्या बिलाची आणि या पावतीची जात एकच. जी माहिती आपल्यापाशी आहे, ती नागरिकाकडून पुन्हा का मागावी ?

अशा कामासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल :

१. नागरिकांना वारंवार लागणारे एकच काम निवडावे.

२. अर्ज कोणकोणत्या टेबलांवर जातो, प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष काम किती मिनिटे चालते आणि तो किती दिवस पडून राहतो, हे फळ्यावर मांडावे.

३. प्रत्येक टप्प्याला विचारावे : हा नागरिकाच्या उपयोगाचा आहे काय ? कायद्याने किंवा सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे काय ? दोन्ही उत्तरे ‘नाही’ असतील, तर तो केवळ सवयीचा आहे.

४. सवयीचे टप्पे सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी संमतीने गाळावेत व बदल दर्शनी फलकावर लावावा.

५. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करावी.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे. मुदत कायद्याने ठरविता येते. ती पाळता येईल अशी कामाची वाट मात्र त्या त्या कार्यालयालाच आखावी लागते. खडकीच्या निर्माणीत असो वा गावच्या चावडीत, ती आखताना काम करणारा आणि कामासाठी आलेला, या दोघांनाही सोबत बसवावे.