स्टील फुगते तेव्हा

तव्यावरची भाकरी वाफेने फुगते. स्टीलही फुगते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? घरातल्या ताट-वाटीचे नव्हे, अणुभट्टीतले! 1967 साली स्कॉटलंडमधील डाउनरे येथील भट्टीच्या स्टीलमध्ये हे प्रथम दिसले.

अणुभट्टीत वेगवान न्यूट्रॉन स्टीलच्या अणूंना धक्का देऊन जागेवरून उडवतात. बहुतेक अणू पुन्हा जागा धरतात. काही जागा रिकाम्याच राहतात. त्या एकत्र आल्या, की सूक्ष्म पोकळ्या होतात. भाकरीत निदान वाफ तरी असते!

इंधनाच्या नळ्या फुगल्या, तर त्यांच्यामधली वाट अरुंद होते. मग थंडावा देणारा वितळलेला धातू वाहणार कसा? म्हणून तामिळनाडूतील कल्पाक्कमच्या मोठ्या भट्टीसाठी टायटॅनिअम मिसळलेले स्टील निवडले. त्यात पोकळ्या उशिरा होतात. पण होतातच; म्हणून नळ्या मुदतीत बदलाव्या लागतात.