महापुरात गरोदर मातेची संदर्भ सेवा
गावातल्या उपकेंद्रात जमत नाही असा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. याला संदर्भ सेवा म्हणतात. एरवी १०२ किंवा १०८ ला फोन केला की गाडी येते. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, शिरोळ तालुक्यातल्या गावांना पाण्याचा वेढा पडला, तेव्हा गाडी येणार कुठून? बोटीचाही भरवसा नसतो. त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली.

म्हणून खरं काम पाणी चढण्याआधीचं. कुणाचे दिवस कधी भरतात, हे आशाताईंच्या वहीत असतं. अशा बायकांना रस्ता सुरू असतानाच दवाखान्याजवळ हलवायचं. कागदावर हे सोपं. घरात मात्र "अजून आठ दिवस आहेत की" म्हणून थांबतात. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यावं. रक्तगट, हिमोग्लोबिन, लसी त्यावर असतात. अनोळखी डॉक्टरांना तेवढाच आधार. अंगावरून रक्त जाणं, झटके, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काही दिसलं तर छावणीत वाट बघत बसायचं नाही, लगेच सांगायचं.

स्वाध्याय : रस्ता बंद झाला तर आपल्या गावातून बाळंतपणाला कुठे आणि कसं नेतात, हे आशाताईंना विचारून लिहा.