दासबोध, दशक १९, समास १ : बोरू आणि सागाची गाठ

आजचा समास ‘लेखनक्रियानिरूपण’. दासबोधात फक्त अध्यात्म शोधायला बसलेल्या माणसाला हा समास चक्रावून टाकतो. अक्षर कसं घोटावं, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, शाई कशी असावी, सगळं सांगितलंय. आणि बोरू? तो ठिकठिकाणचा आणावा, बारीक, सरळ, घट्ट पाहून घ्यावा. हत्याराची निवडसुद्धा समर्थ साधनेतच धरतात, हे मला फार आवडतं.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण बघा. टोकावड्याकडे जुनी घरं पाडून स्लॅबची घरं उभी राहतायत. सागाचे खांब, तुळया विकल्या जातात. गाठी असलेले तुकडे मात्र सुतार बाजूला टाकतो आणि ते चुलीत जातात. त्याचं काही चुकत नाही. गाठीभोवती लाकडाच्या रेषा वळसा घेतात, रंधा मारला की तिथेच ढलपी उडते, आणि भार आला की लाकूड तिथेच दगा देतं. चौकटीसाठी हा दोषच.

पेनासाठी तीच नक्षी. असं का? बोरूची काडी हेच अंग आणि तेच टोक, म्हणून ती सरळच हवी. बॉलपेनात शाई रिफिलमध्ये असते आणि भार आतली पितळी नळी घेते. सरळपणाची जबाबदारी नळीने उचलली, म्हणून वरच्या लाकडाला वाकडं राहायची मोकळीक मिळाली. नळीशिवाय ती गाठ नुसती कमजोरच.

पण ही नळी बसवणं सोपं नाही बरं का. साधारण २० मिलिमीटर जाडीची, पाच इंचांची चौकोनी पट्टी कापून तिचे दोन भाग करायचे आणि प्रत्येकाच्या मधोमध ७ मिलिमीटरचं आरपार भोक पाडायचं. गाठ कडक, शेजारचं लाकूड मऊ, त्यामुळे ड्रिल मऊ बाजूला सरकतं. हळू जायचं, सारखं बाहेर काढून भुसा झाडायचा. तापलं की लाकूड तडकतं. पलीकडे बाहेर पडताना कड फुटते, म्हणून तुकडा आधी थोडा लांब ठेवून मग ते टोक कापून टाकायचं.

साग तेलकट असतो. थिनरने पुसून घेतल्याशिवाय डिंक नीट धरत नाही. शिवाय त्यात सिलिका असते, म्हणून लेथवर कातताना हत्याराची धार पटापट जाते. मास्क हवाच, सागाची धूळ अंगाला आणि छातीला त्रास देते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकूड वाळलेलं हवं. आपल्याकडे मालशेजच्या पायथ्याचा पाऊस! ओल धरलेला तुकडा श्रावणात नळीवर चढवला तर थंडीत लाकूड आकसतं, पितळ आकसत नाही, आणि उभी चीर जाते. म्हणून पाडलेल्या घराचा पन्नास-साठ वर्षं वाळलेला साग सोन्यासारखा. (उभं झाड तोडायचा विचार नको. खासगी जमिनीतल्या सागालाही परवानगी लागते.) तुकडे अंगणात न ठेवता माळ्यावर ठेवावेत.

शेवटी पॉलिश. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर रंग चढतो. रंगीत लाखेने गाठ झाकून जाईल, म्हणून मी बिनरंगाचं पॉलिश कापडाने असंच फिरत्या लाकडावर चढवतो.

आजोळचं घर पाडलं तेव्हा देवघराच्या चौकटीतून दोनच पेनांपुरतं लाकूड निघालं. आई त्यातल्या एकाने रोज वहीत रामनाम लिहिते. दोन पानं झाली की पेन जरा जड लागतं, म्हणते. पुढचं थोडं बारीक कातणार आहे.