शुश्रूषा

प्रस्तावना

ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावला की ताप कळतो. हात मोडला तर प्लास्टर दिसते आणि पाहणारा आपोआप हळहळतो. मनाच्या आजाराला मात्र अशी कोणतीही उघड खूण नसते. म्हणून त्या आजाराने ग्रासलेल्या माणसाला पुष्कळदा औषधाच्या आधी दूषणेच मिळतात. अशाच एका आजाराविषयी, म्हणजे स्किझोफ्रेनियाविषयी, हा पाठ आहे. मराठीत त्याला 'छिन्नमनस्कता' असे म्हणतात. हा आजार झालेल्या माणसाची शुश्रूषा कशी करावी आणि त्याची औषधे कशी सांभाळावीत, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• छिन्नमनस्कतेची प्रमुख लक्षणे सांगू शकाल;
• औषधे नियमित घेण्याचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• रुग्णाशी कसे बोलावे व कसे बोलू नये, हे उदाहरणांसह सांगू शकाल;
• 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ समजून घेऊ शकाल.

पाठ

रायपूर ही छत्तीसगडची राजधानी. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. रायपूरच्या तात्यापारा भागातील अशाच एका कुटुंबाचे चित्र आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू.

घरात आई, थोरला मुलगा, सून आणि बावीस वर्षांचा धाकटा मुलगा. धाकटा अभ्यासात हुशार. पण हळूहळू तो महाविद्यालयात जाईनासा झाला. रात्र रात्र जागू लागला. आंघोळ टाळू लागला. खोलीत कोणी नसताना कोणाशी तरी बोलू लागला. "शेजारी माझ्याविरुद्ध कट करतात, माझ्या ताटात विष कालवतात," असे तो म्हणे. कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी बैगा-गुनियाकडे नेण्याचा सल्ला दिला. कोणी म्हणाले, लग्न करून द्या, आपोआप ठीक होईल. यातच आठ महिने गेले. शेवटी वहिनीने हट्ट धरला आणि दिराला सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नेले.

औषधे सुरू झाली. दोन महिन्यांत त्याला ऐकू येणारे आवाज क्षीण झाले, झोप लागू लागली, तो सर्वांबरोबर पानावर बसू लागला. घराने सुटकेचा निःश्वास टाकला. "आता बरा झाला, मग गोळ्या कशाला?" असा विचार करून गोळ्या बंद झाल्या. चार महिन्यांनंतर एका रात्री तो घरातून निघून गेला. पहाटे रेल्वे स्थानकावर सापडला, तेव्हा तो भावालाही जवळ येऊ देत नव्हता.

या घराची माया खोटी नव्हती. मग चूक कोठे झाली? ते समजण्यासाठी आधी हा आजार समजून घेतला पाहिजे.

छिन्नमनस्कता म्हणजे एका शरीरात दोन माणसे राहणे नव्हे. तो गैरसमज आहे. या आजारात विचार, भावना आणि वर्तन यांचा परस्परांशी असलेला मेळ तुटतो. नसलेले आवाज ऐकू येणे म्हणजे भास; पुरावा नसताना एखादी गोष्ट ठामपणे खरी वाटणे म्हणजे भ्रम. यांशिवाय बोलणे विस्कळीत होते, उत्साह मावळतो, माणूस एकटा एकटा राहतो. घरच्यांना हा आळस वाटतो. वस्तुतः तेही आजाराचेच लक्षण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार असतो. ऐन तारुण्यात त्याची सुरुवात होते. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक बदल व जीवनातील ताण यांचा त्यात वाटा असतो. आईने लाड केले किंवा वडील कठोर होते म्हणून हा आजार होत नाही.

१९५२ साली पॅरिसमध्ये 'क्लोरप्रोमाझिन' हे औषध मनोरुग्णांवर प्रथम वापरले गेले आणि उपचारांचे नवे युग सुरू झाले. त्यानंतर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्लोझापिन अशी अनेक औषधे आली. मेंदूतील 'डोपामिन' या रसायनाचा अतिरेकी प्रभाव आवरण्याचे काम ही औषधे करतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत फरक पडला नाही तर निराश होऊ नये. जे रोज गोळी घेऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी दोन ते चार आठवड्यांतून एकदा देण्याची इंजेक्शनेही आहेत.

आता पुन्हा आपल्या कुटुंबाकडे वळू. मुलगा दुसऱ्यांदा रुग्णालयात दाखल झाला. कक्षातील परिचारिकेने आईला शेजारी बसवून घेतले.

"सिस्टर, बरा झाला म्हणूनच तर गोळ्या बंद केल्या," आई म्हणाली.

"काकू, तुम्हाला रक्तदाब आहे ना? गोळी घेता?"

"घेते की. रोज सकाळी."

"रक्तदाब ठीक आहे म्हणून कधी बंद केलीत?"

"छे! गोळी घेते म्हणून तर तो ठीक असतो." एवढे बोलून आई एकदम थांबली. तिचे तिलाच उमगले होते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण तो गोळी घ्यायला तयार नसतो. वरणात कुस्करून घालू का? त्याला कळणारसुद्धा नाही."

"तसे करू नका, काकू. ताटात काहीतरी कालवतात हाच त्याचा संशय आहे. आपण खरोखरच चोरून कालवले, तर त्याचा संशय खरा ठरेल. मग तो तुमच्या हातचे पाणीही घेणार नाही. गोळी उघड द्या, ठरलेल्या वेळी द्या, समोर घ्यायला सांगा. तो नको म्हणाला, तर का नको ते विचारा."

'का नको' या प्रश्नाला पुष्कळदा खरे उत्तर असते. काही औषधांनी हात थरथरतात, स्नायू ताठरतात, तोंड कोरडे पडते, झोप फार येते. काहींनी वजन व रक्तातील साखर वाढते. काहींनी पायांत अशी तळमळ होते की माणूस एका जागी बसू शकत नाही. घरचे समजतात, वेड वाढले. वास्तविक तो औषधाचा दुष्परिणाम असतो. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा बदलता येते, औषध बदलता येते. आपल्या मनाने गोळी थांबवणे मात्र धोक्याचे असते. क्लोझापिन घेणाऱ्याची रक्ततपासणी ठरलेल्या दिवशी झालीच पाहिजे, कारण त्या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी होतात. कोणतेही औषध चालू असता खूप ताप, अंगाचा ताठरपणा आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

रायपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि यांपैकी काही औषधांमुळे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती मंदावते. अशा दिवसांत रुग्णाने दुपारचे ऊन टाळावे व पुरेसे पाणी प्यावे, याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.

रुग्णाशी कसे बोलावे? तो म्हणाला, "भिंतीतून आवाज येतो," तर "काहीतरीच काय! वेडा आहेस," असे म्हणू नये. "हो, मलाही ऐकू येतो," असेही म्हणू नये. पहिल्याने त्याचा अपमान होतो, दुसऱ्याने भ्रम पक्का होतो. "मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुला त्याचा त्रास होतो आहे, हे मला कळते," असे शांतपणे म्हणावे. घरात सतत टोचून बोलले जात असेल, तर आजार उलटण्याचा संभव वाढतो. जीव देण्याची भाषा मात्र कधीही कानाआड करू नये. तशा वेळी रुग्णाला एकटे सोडू नये आणि तत्काळ डॉक्टरांची मदत घ्यावी.

येथे आपल्या पाठाच्या नावाकडे पाहू. 'शुश्रूषा' हा संस्कृत शब्द 'श्रु' म्हणजे 'ऐकणे' या धातूपासून बनला आहे. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा होतो. पुढे त्याला सेवा हा अर्थ आला. या आजारात तो मूळ अर्थ किती सार्थ आहे! ज्याला कोणालाही न ऐकू येणारे आवाज छळतात, त्याचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेणे, हीच सेवेची पहिली पायरी आहे.

असे ऐकण्यासाठी काळजी घेणाऱ्यालाही आधार लागतो. डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला छिन्नमनस्कता होती. हे दुःख त्यांनी लपवले नाही. १९९७ साली त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. रुग्णांचे नातेवाईक तेथे एकत्र येऊन परस्परांना आधार देऊ लागले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'देवराई' या २००४ सालच्या मराठी चित्रपटामागेही वाणी यांचा पुढाकार होता. त्या चित्रपटात छिन्नमनस्कता झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची कथा आहे. या कार्यात रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे शब्द रूढ झाले. 'वेडा' या शब्दापासून 'शुभार्थी' या शब्दापर्यंतचा प्रवास केवळ भाषेचा नाही, दृष्टीचाही आहे.

ही दृष्टी नसली म्हणजे काय होते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा तेथे आगीत होरपळून मृत्यू झाला. २०१७ साली संमत झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे आणि शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. आज रायपूर येथे एम्समध्ये मनोविकार विभाग आहे, तर बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्य मानसिक रुग्णालय आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आपल्या कल्पनेतील तो मुलगा पुन्हा घरी आला. आता रात्रीच्या जेवणानंतर आई आपली गोळ्यांची डबी उघडते आणि त्याची डबी त्याच्यापुढे ठेवते. दिनदर्शिकेवर तो स्वतः खूण करतो. आवाज पूर्णपणे गेलेले नाहीत. पण ते आले की तो वहिनीला सांगतो. वहिनी हातातले काम बाजूला ठेवते आणि ऐकते.

शब्दार्थ

क्षीण – दुर्बल, कमी झालेला
विस्कळीत – मेळ नसलेले
मात्रा – औषधाचे प्रमाण
भ्रमिष्टपणा – भान हरपल्याची अवस्था
सार्थ – अर्थपूर्ण, योग्य

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा : 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ – (अ) औषध देणे (आ) ऐकण्याची इच्छा (इ) प्रार्थना करणे
२. चूक की बरोबर ते सांगा : बरे वाटू लागताच गोळ्या बंद कराव्यात.
३. 'भास' आणि 'भ्रम' यांतील फरक एका वाक्यात लिहा.

आपण काय शिकलो?

• छिन्नमनस्कता हा उपचार करता येण्याजोगा आजार आहे; तो कोणाचा दोष नाही.
• बरे वाटणे हा औषधाचा परिणाम असतो; औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावे.
• रुग्णाला फसवून नव्हे, तर विश्वासात घेऊन औषध द्यावे.

स्वाध्याय

१. परिचारिकेने गोळी वरणात कालवण्यास नकार का दिला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' या शब्दांविषयी तुमचे मत पाच-सहा वाक्यांत मांडा.
३. जिज्ञासा (जाणण्याची इच्छा), पिपासा (पिण्याची इच्छा) हे शब्द 'शुश्रूषा' या शब्दाप्रमाणेच बनले आहेत. त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. कानाआड करणे, कानाडोळा करणे, कान देणे या वाक्प्रचारांचे अर्थ लिहा. यांपैकी कोणता 'शुश्रूषा' या शब्दाच्या सर्वांत जवळ आहे?
५. तुमच्या शेजारी असा रुग्ण असेल तर त्याच्या घरच्यांना तुम्ही कोणती मदत करू शकाल? विचार करून लिहा.