गर्दीविना शर्यत

मॅरेथॉन ही ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची शर्यत होय, हे तुम्हांस ठाऊक असेल. परंतु एखाद्या मोठ्या नगरात ती भरते, त्या दिवशी तिचे स्वरूप नुसत्या शर्यतीचे राहत नाही. जत्राच ती! हजारो स्त्रीपुरुष पहाटेपासून आरंभस्थानी दाटीवाटीने उभे असतात. रस्त्याच्या दुतर्फा लोक जमतात, आणि ज्याचे नावही माहीत नाही अशा धावपटूस टाळ्या वाजवून हुरूप देतात. कोणी पाणी पुढे करतो, कोणी केळे हाती ठेवतो.

२०२० साली कोरोनाची साथ जगभर पसरली, तेव्हा नेमकी हीच गर्दी घातक ठरली. हा रोग श्वासावाटे पसरणारा. मोकळ्या रस्त्यावर एकट्याने धावण्यात भय थोडे. पण आगगाड्यांतून लोटालोटीने येणे, आरंभस्थानी एकमेकांस खेटून वाट पाहणे आणि प्रेक्षकांची दाटी, ह्यांत ते फार. टोकियो शहराने १ मार्च रोजी केवळ निवडक खेळाडूंची शर्यत घेतली. सुमारे अडतीस हजार सामान्य धावपटूंस त्या दिवशी धावता आले नाही. बॉस्टनची मॅरेथॉन तर १८९७ पासून चालत आलेली. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, तिच्याऐवजी सैनिकांची सांघिक दौड झाली होती, पण तिचा दिवस चुकला नव्हता. २०२० साली मात्र तो रस्ता ओस राहिला. फ्रान्समध्ये घराबाहेर पडण्यास बंदी झाली, तेव्हा एका धावपटूने आपल्या सात मीटर लांबीच्या सज्जात सहा हजारांहून अधिक वेळा येरझारा घालून मॅरेथॉनचे अंतर पुरे केले! त्याच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु सर्वांनाच असे कसे साधावे?

लंडनपुढील प्रश्न निव्वळ खेळाचा नव्हता. तेथील पुष्कळ धावपटू धर्मादाय संस्थांसाठी देणग्या गोळा करून धावतात. २०१९ साली ह्या एका दिवसाच्या निमित्ताने ६ कोटी ६४ लक्ष पौंड जमले होते. शर्यत थांबली म्हणजे हा ओघही आटणार. आणि तोही अशा वेळी, की जेव्हा रोग्यांची सेवा करणाऱ्या संस्थांस पैशाची निकड अधिक होती.

एप्रिलमधील ही शर्यत पुढे ढकलून ४ ऑक्टोबरला घेण्याचे ठरले, आणि संयोजकांनी तिचे दोन भाग केले. नामांकित धावपटू सेंट जेम्स उद्यानाभोवती धावले. सुमारे २.१५ किलोमीटरच्या त्या फेऱ्या. एकोणीस पुऱ्या करावयाच्या आणि वर थोडे अंतर! प्रेक्षकांस मज्जाव होता. खेळाडूंच्या अंगावर एक लहानसे यंत्र दिलेले असे. शर्यतीखेरीज इतर वेळी कोणी फार जवळ आला, की ते इशारा देई. त्या पावसाळी, थंड दिवशी इथिओपियाचा शुरा किताता अवघ्या एका सेकंदाने पुढे राहून जिंकला. सात वर्षे एकही मॅरेथॉन न हरलेला केनियाचा एलिउड किपचोगे आठवा आला.

दुसरा भाग अधिक नवलाचा होता. सामान्य धावपटूंनी आपापल्या गावी, आपल्या सोयीच्या रस्त्याने, त्याच दिवसाच्या चोवीस तासांत ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर काटावयाचे होते. धावावे, चालावे, मध्ये विसावाही घ्यावा. मोबाईलमधील ॲप अंतर मोजी. त्या दिवशी ३७,९६६ जणांनी हे अंतर पुरे केले, आणि त्यांची पदके त्यांना टपालाने घरपोच मिळाली.

अशा धावण्यास खरी शर्यत म्हणावे काय? कोणाचा रस्ता उताराचा, तर कोणाचा चढाचा. आणि कपट करावयाचेच, तर मोबाईल घेऊन सायकलवरही बसता येईल! विक्रमासाठी रस्ता विशेष यंत्र लावलेल्या सायकलीने काटेकोर मोजलेला असावा लागतो. म्हणून घराजवळच्या ह्या धावांस विक्रमांच्या यादीत स्थान नाही. पण बहुतेक जण विक्रमासाठी धावतच नव्हते.

आपल्याकडे दिल्लीनेही हीच वाट धरली. २९ नोव्हेंबर २०२० रोजी तेथे अर्धमॅरेथॉन झाली. प्रत्यक्ष रस्त्यावर निवडक धावपटूच उतरले. त्यांस बाहेरच्या लोकांपासून वेगळे राखले होते. इतरांनी आपापल्या ठिकाणी धावून भाग घेतला. ह्याच शर्यतीत बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे ह्याने २१ किलोमीटरहून किंचित अधिक अंतर ६० मिनिटे ३० सेकंदांत तोडले. तोवर कोणाही भारतीयाने ते ६१ मिनिटांच्या आत कापले नव्हते. दुतर्फा टाळ्यांचा कडकडाट नसताना हे घडले.

पुढे गर्दी हळूहळू परतली. बॉस्टनला ११ ऑक्टोबर २०२१ रोजी धावपटू बसमधून उतरत आणि ताटकळत न राहता लगेच धावू लागत. मुंबईची मॅरेथॉन २०२१ व २०२२ ह्या दोन्ही वर्षी झाली नाही. १५ जानेवारी २०२३ च्या पहाटे, अंधार असतानाच, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी धावपटू पुन्हा एकमेकांस खेटून उभे राहिले.